कवडशांचा मांडव: सोसायटीच्या मैदानात आत शिरून पाहायची कलाकृती उभारायची तर

आमच्या नेरूळच्या सोसायटीत तिळगुळाच्या आठवड्यात आम्ही दोनदा असा मांडव घातला. पहिल्या वर्षी तो साफ फसला. दुसऱ्या वर्षी छताच्या जाळीतून जमिनीवर उजेडाचे कवडसे पाडले, तेव्हा पाच संध्याकाळी लोक रांग लावून आत शिरत होते, आणि तेव्हापासून कुणाचा ना कुणाचा फोन येतो: “ताई, दिवे कुठून घेतले?” खरं तर दिव्यांचा नंबर सातवा लागतो. आधी काय काय करायचं ते एकदा लिहूनच टाकते. मी वास्तुविशारद नाही, हिशेब लिहिणारी बाई आहे, त्यामुळे यातलं बहुतेक शहाणपण ठेचा खाऊन आलेलं आहे.

१. मैदान रात्री बघा

सगळे जण दुपारी टेप घेऊन जागा मोजतात. तुम्ही संध्याकाळी सात ते दहा जाऊन उभे राहा. मांडवाच्या मध्यभागी जिथे माणूस असेल तिथे उभं राहायचं आणि स्वतःच्या सावल्या मोजायच्या. माझ्या तीन पडल्या. एक गेटवरच्या हायमास्टची, एक जिमच्या फ्लडलाइटची, एक रस्त्याच्या खांबाची. पहिल्या दोन्हींची बटणं सोसायटीच्याच हातात होती. वॉचमनकाकांकडे वेळ लिहून दिली आणि काम झालं. रस्त्याचा उजेड अडवायला त्या बाजूला जाड कापड लावलं. बाहेरचा उजेड आत येत राहिला तर आतला कितीही महाग दिवा फिका पडतो.

दुसरं म्हणजे पायाखाली काय आहे ते विचारा. नवी मुंबईत आणि ठाण्यात घोडबंदरच्या बाजूला बऱ्याच सोसायट्यांचं ‘मैदान’ म्हणजे पार्किंगचं छत असतं. तिथे एक खुंटी ठोकली तर वॉटरप्रूफिंग गेलं, आणि पावसाळ्यात खालच्या गाडीवर गळायला लागलं की तुमचं नाव निघणार.

आणि खाडीकाठाचा मोह सोडा. ‘फ्लेमिंगो दिसतील, फोटो छान येतील’ असं आमच्याकडेही निघालं होतं. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे. पक्ष्यांच्या झोपेच्या जागी दिवे लावून निसर्गावर कलाकृती करायची, हे मला तरी पटत नाही.

२. निसर्गातली एकच गोष्ट उचला

पहिल्या वर्षी आम्ही सगळंच उचललं होतं. प्लॅस्टिकच्या वेली, थर्माकोलची फुलपाखरं, कमानीवर मोर. एक आजोबा आत डोकावले आणि म्हणाले, “रिसेप्शन कुणाचं आहे?”

दुसऱ्या वर्षी मी आजोळच्या अंगणात परत गेले, मनाने. कोकणात पाऊस सरला की अंगणात झापांचा मांडव पडतो. माडाच्या विणलेल्या झावळ्यांमधून शेणाने सारवलेल्या जमिनीवर कवडसे पडतात आणि वारा आला की सगळे मिळून सरकतात. मांजर त्यांच्यामागे लागते. बस, एवढंच घ्यायचं ठरवलं: कवडसे. पान नाही, फूल नाही, पक्षी नाही.

ही कल्पना काही माझी एकटीची नाही. अबुधाबीत २०१७ साली उघडलेल्या लूव्र संग्रहालयाचा घुमट ज्याँ नुव्हेल यांनी नेमका याच गोष्टीवरून रचला आहे. १८० मीटर व्यासाचा घुमट, आठ थरांत मिळून ७,८५० चांदण्यांच्या आकाराची जाळी, आणि त्यातून झिरपणारं ऊन. मूळ प्रेरणा खजुरीच्या झावळ्यांच्या छपराची. आपल्या अंगणातलीच गोष्ट, फक्त पैसा जास्त.

आता कामाची माहिती. झाडाखालचे कवडसे बहुतेक गोल का असतात, हे कधी पाहिलंय? पानांमधल्या फटी तर वेड्यावाकड्या असतात. छोटी फट सूर्याची प्रतिमा जमिनीवर पाडते, म्हणून कवडशाला फटीचा नाही, सूर्याचा आकार येतो. खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरी होतात. त्यांचा आकार फटीपासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या सुमारे एकशेआठावा भाग असतो. म्हणजे तीस फुटांवरच्या फांदीतून साधारण सव्वातीन इंचाचा कवडसा पडतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

३. स्वयंपाकघरात नमुना करा

साहित्य: पुरणयंत्राची जाळी किंवा चाळणी, मोबाइलचा टॉर्च, एक ट्यूबलाइट, पांढरी चादर. खर्च शून्य.

खोली अंधारी करा. टॉर्च जाळीपासून फूटभर वर धरा, जाळी चादरीपासून दोन फूट वर. स्वच्छ, ठळक ठिपके दिसतील. आता तीच जाळी ट्यूबलाइटखाली धरा. ठिपक्यांच्या जागी धूसर पट्टे दिसतील, कारण ट्यूब लांब आहे. मग घरातल्या आणखी दोघांना त्यांचे टॉर्च तुमच्याशेजारी धरायला सांगा. तीन टॉर्च, तिप्पट ठिपके, सगळे एकमेकांवर चढलेले आणि फिके. उजेड वाढला, कवडसे गेले.

हे दहा मिनिटांचं काम पहिल्या वर्षी केलं असतं तर आमचे बरेच पैसे वाचले असते. आपण दिव्यांची योजना करत नसतो, सावलीची करत असतो. एका जागेवर एकच दिवा, म्हणजे एकच सावली.

४. कागदपत्रं

जागा सोसायटीची असेल तर काम सोपं. कार्यकारिणीचा लेखी ठराव घ्या, त्यात तारखा, मांडवाचा आकार आणि वीज कुठून घेणार ते लिहून घ्या. तोंडी ‘करा करा’वर जाऊ नका. एका सदस्याचं गाडी लावण्यावरून डोकं फिरलं की सगळे ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणतात. स्थानिक पोलीस ठाण्यात माहितीचं पत्र देऊन पोच घ्या.

जागा सार्वजनिक असेल तर आधी मालक शोधा, हाच सगळ्यात मोठा सापळा आहे. नवी मुंबईत एखादा भूखंड सिडकोचा असतो, शेजारचं उद्यान महापालिकेचं असतं, आणि कुंपण एकच असतं. मी एका कार्यालयात तीन फेऱ्या मारल्या आणि चौथ्या वेळी कळलं की ती जागा त्यांची नाहीच. आधी ‘ही जागा आपल्या अखत्यारीत आहे का’ एवढं एका ओळीत लेखी विचारा. नवी मुंबईत विभाग कार्यालय आणि ठाण्यात प्रभाग समितीचं कार्यालय, इथून सुरुवात करायची.

फाइलमध्ये हे ठेवा, प्रत्येकाच्या तीन प्रती:

- अर्ज, आयोजकांची ओळखपत्रं, सोसायटी किंवा मंडळाच्या नोंदणीची प्रत
- जागेचा साधा नकाशा. मांडव, दोन्ही दारं, अग्निशमनच्या गाडीची वाट आणि विजेचा बोर्ड दाखवलेला
- जागामालकाची परवानगी
- पोलीस ठाण्याचा आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला. रस्त्याला अडथळा होत असेल तर वाहतूक पोलिसांचाही
- सांगाडा भक्कम असल्याचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र
- परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराचा चाचणी अहवाल, आणि सोसायटीची वीज नसेल तर महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीचा अर्ज

महिनाभर आधी सुरू करा. नकाशा हाताने काढलेला असला तरी चालतो, पण मापं फुटात आणि मीटरमध्ये, दोन्ही लिहा.

५. सांगाडा

आमचा मांडव सोळा बाय चोवीस फूट, उंची तेरा. बांबू विकत घेऊ नका, मांडववाल्याकडून भाड्याने घ्या. पाच दिवसांसाठी कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया वगैरे करत बसायची गरज नाही. फक्त हातात घेऊन वाजवून बघा आणि बुडाशी पिवळी पूड पडतेय का बघा. पूड म्हणजे भुंगा लागलाय, तो बांबू परत.

खुंट्या ठोकायच्या नसतील तर प्रत्येक खांबाच्या पायाशी वाळूच्या गोणी. मांडववाला ‘एक पुरे’ म्हणेल. वजन किती लागेल ते इंजिनिअरला विचारा, त्याच्या पत्रात लिहून घ्या. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटतो आणि कापड लावलेला मांडव म्हणजे शीड असतं. बाजूचं कापड अखंड लावू नका, पट्ट्या करा, वारा आरपार जाऊ दे. कापड मांजरपाटच घ्या, आगरोधक प्रक्रिया केलेलं. घेण्याआधी एक चिंधी मोकळ्यावर नेऊन तिला काडी लावून बघा. काडी दूर केल्यावर ती विझली पाहिजे.

ऑक्टोबर टाळा, परतीचा पाऊस सांगून येत नाही.

६. जाळी

खऱ्या झावळ्या वापरायची माझी फार इच्छा होती. दोन दिवसांत त्या वाळतात आणि वाळलेली झावळी कशी पेटते हे ज्याने चुलीत घातली आहे त्याला विचारा. दिव्यांच्या इतक्या जवळ ते चालणार नाही. शेवटी बुरूडकाम करणाऱ्या एका कारागिरांकडून कामट्यांच्या विरळ तट्ट्या विणून घेतल्या. फट इंचभर ठेवायला सांगितली तर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. आयुष्यभर फटी बंद करण्याचं काम केलेल्या माणसाला मी फटी मागत होते. “ताई, यात काय राहणार?” म्हणाले. उजेड राहील म्हटलं.

एक थर लावला तर ठिपक्यांची चौकट पडते, वहीच्या पानासारखी. दोन थर घ्या, मध्ये वीतभर अंतर ठेवा, आणि खालचा थर थोडा तिरका फिरवा. फटी काही जागी जुळतात, काही जागी बुजतात, आणि ठिपके झाडाखालच्यासारखे विखुरतात.

तट्ट्या खिळवू नका, काथ्याच्या दोरीने सैल टांगा. आमच्याकडे कुणीतरी दिवे हलवण्यासाठी प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर भाड्याने आणायला निघालं होतं. खाडीचा वारा ते काम फुकट करतो. वारा पडला तर एक पंखा सगळ्यात कमी वेगावर, तट्टीकडे तोंड करून.

७. दिवे

पहिल्या वर्षी डेकोरेटरने जे दिले ते घेतले: स्टेजवर लावतात ते चोपन्न मणी असलेले एलईडी ‘पार’ दिवे, रंग बदलणारे. त्यांच्यासमोर जाळी धरली आणि काहीच पडेना. पडद्यावर नुसता जांभळट चिखल. बराच वेळ कळेना. मग मी एका काठीची सावली पडद्यावर पाडून बघितली. काठीच्या कडेला लाल, हिरव्या, निळ्या अशा कितीतरी सावल्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. चोपन्न मणी म्हणजे चोपन्न दिवे. स्वयंपाकघरातला तीन टॉर्चवाला प्रयोग, अठरापट.

म्हणून एकाच ठिपक्यातून उजेड देणारा दिवा हवा. दुकानात ‘सीओबी’ म्हणून मागा, त्यात सगळे मणी एकाच छोट्या ठिपक्यात बसवलेले असतात. मी मुंबईत लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन २० वॉटचे सहा आणले, ३००० केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर, वॉर्म व्हाइट. थंड पांढरे घेऊ नका. निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात आणि आतला माणूस आजारी दिसतो.

आता माप. आमचा दिवा बारा फुटांवर, तट्टी आठ फुटांवर. म्हणजे दिवा तट्टीच्या चार फूट वर आणि जमीन तट्टीच्या आठ फूट खाली. अशा मांडणीत कवडशाचा आकार काढायला सोपा हिशेब आहे: फट गुणिले तीन, अधिक दिव्याचं तोंड गुणिले दोन. फट एक इंच आणि दिव्याचं तोंड अर्धा इंच असेल तर कवडसा चार इंच. मघाच्या झाडाखालच्या सव्वातीन इंचांच्या अगदी जवळ. तोच दिवा दोन इंची रिफ्लेक्टरसकट लावला तर कवडसा सात इंचांचा होतो, कडा विरतात आणि शेजारच्यात मिसळतो. म्हणून रिफ्लेक्टर आणि दुधी काच काढून टाकायची.

पण उघडा दिवा सगळीकडे उजेड फेकतो. त्याला डबा घाला. चार इंच तोंडाचा, सहा इंच लांबीचा पत्र्याचा डबा, आतून काळा मॅट रंग दिलेला. बुडाशी दिवा, तोंड खाली. या मापाने बारा फुटांखाली आठ फुटांचं वर्तुळ उजळतं. सोळा बाय चोवीसमध्ये आठ-आठ फुटांचे सहा तुकडे होतात, प्रत्येकाला एक दिवा. दिव्यामागचा उष्णता सोडणारा ॲल्युमिनियमचा भाग डब्याबाहेर राहू द्या, नाहीतर दिवा दोन दिवसांत मान टाकेल.

यातून एक गंमत कळली. तट्टीच्या पातळीवर हे वर्तुळ जेमतेम पावणेतीन फुटांचं असतं. म्हणजे सगळं छत तट्ट्यांनी भरायची गरजच नाही, सव्वातीन फुटी सहा जोड्या पुरतात. बाकीच्या छताला काळं कापड. मी आधी अख्ख्या छताच्या तट्ट्यांची ऑर्डर दिली होती. कारागिरांनी उरलेल्या परत घेतल्या, ही त्यांची कृपा.

खाली जमीन फिकी हवी. काळ्या-करड्या पेव्हर ब्लॉकवर कवडसा पडला तरी दिसत नाही. आम्ही फिक्या चटया अंथरल्या, कडा चिकटपट्टीने पक्क्या केल्या. कडा उचलली गेली की आजी पडतात.

८. वायरिंग

इथे हौस नको, परवानाधारक वायरमन हवा. तरी तुम्हाला एवढं ठाऊक असू द्या:

सहा दिवे १२० वॉट, आत येण्याच्या वाटेवरची एलईडी पट्टी, म्हणजे स्ट्रिप, साधारण ५० आणि एक पंखा धरून सगळा भार अडीचशे वॉटच्या आत. घरची इस्त्री याच्या चौपट घेते. त्यामुळे कुणी जनरेटर गळ्यात मारायला लागलं तर हसून नाही म्हणा.

मांडवाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, आणि खरी अर्थिंग. मुलं अनवाणी आत फिरणार आहेत. जानेवारीत रात्री दंव पडतं. आमचा आरसीसीबी दुसऱ्या रात्री तीनदा पडला, तेव्हा दोघे जण ‘तो बायपास करा’ म्हणाले. वायरमनकाकांनी ऐकलं नाही. शोधल्यावर चटईखाली एक जोड सापडला, नुसती टेप गुंडाळलेला, ओला. जोड जमिनीवर ठेवायचा नाही, बंद डबीत आणि गुडघ्याच्या वर ठेवायचा. बाहेरचे दिवे आयपी ६५ किंवा वरचे, म्हणजे धूळ आणि पाणी आत न जाणारे.

स्ट्रिप २४ व्होल्टची घ्या. १२ व्होल्टची लांब ओढली की दुसऱ्या टोकाला मलूल पडते. स्ट्रिपला वीज पुरवणाऱ्या डबीवर, म्हणजे एसएमपीएसवर, लिहिलेल्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपुढे भार टाकू नका. आणि स्वस्त डिमर लावण्याआधी मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो नको, लोक आत फोटो काढायलाच येतात.

९. आत येण्याची वाट

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम. माणूस हायमास्टखालून सरळ आत आला तर त्याला काही मिनिटं फक्त काळोख दिसतो. तो ‘यात काय आहे’ म्हणून निघून जातो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, पुरती व्हायला वीस-तीस मिनिटं. तेवढा वेळ मिळणार नाही, पण वाट वळणाची करता येते. आम्ही दारापासून बारा फुटांचा एक बोळ केला, दोन वळणांचा. पहिल्या भागात घोट्याच्या उंचीवर स्ट्रिप, कापडामागे लपवलेली, दुसऱ्या भागात तिचा निम्मा उजेड. बाहेर रांगेत उभ्या लोकांसाठीही झगमगाट नाही.

बोळ चार फूट रुंद हवा, व्हीलचेअर वळली पाहिजे. बाहेर पडायचं दार वेगळं आणि त्यावर स्वतंत्र बॅटरीवरचा दिवा. एका वेळी पंधरापेक्षा जास्त माणसं आत सोडू नका, गर्दीत कवडसे जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, डोक्यांवरच राहतात. दोन्ही दारांशी सहा किलोचं एकेक एबीसी पावडरचं अग्निशामक, आणि ते चालवता येणारा माणूस. नुसतं टांगून ठेवलेलं अग्निशामक म्हणजे शोभेची वस्तू.

१०. आदल्या रात्री

सगळं लावून आदल्या रात्री दोन तास चालू ठेवा. डबे हाताला किती तापले ते बघा. एक लहान मूल आणि एक म्हातारं माणूस आत सोडा आणि तुम्ही गप्प बसा. आमच्या तालमीला चौथीतली मुलगी आत गेली आणि जमिनीवरचे कवडसे पकडायला दोन्ही हातांची ओंजळ करून बसली. कवडसा ओंजळीत येऊन पुन्हा बाहेर सरकला. त्यानंतर मी तिथली मांडणी बदलली, बसायला कडेला दोन पाट टाकले. पहिल्या वर्षी भिंतीवर ‘हात लावू नये’ लिहिलं होतं, ते दुसऱ्या वर्षी लागलंच नाही.

निवेदन, संगीत काही ठेवलं नाही. तुम्हाला ठेवायचं असेल तर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद म्हणजे बंद. आम्ही दिवेही दहालाच बंद केले.

उतरवताना आधी दिवे, मग तट्ट्या, मग कापड, शेवटी बांबू, आणि हे सगळं दिवसाउजेडी. रात्रीच मांडव सोडायची मांडववाल्याला घाई असते, पुढचं लग्न असतं. प्रत्येक केबलला आकड्याची चिठ्ठी लावून मगच गुंडाळा. तट्ट्या आमच्या माळीकाकांनी मागून नेल्या, सध्या रोपवाटिकेवर सावलीला आहेत. दिवे आणि डबे माझ्याकडे आहेत, सोसायटीला हवे असतील तर तारीख कळवा. नेण्या-आणण्याचा टेम्पो तुमचा.